तेरडा ओळखावा कसा: नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या उतारांवर, पानझडी जंगलांच्या कडेला आणि कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर गुलाबी फुलांचा जो बहर येतो, त्या सगळ्यालाच सरसकट ‘तेरडा’ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यातला बराचसा खरोखरच तेरडा असतो. परंतु त्याच कुळातल्या, त्याच रंगाच्या आणि त्याच दिवसांत फुलणाऱ्या आणखी काही जाती त्याच वाटेवर, कधी कधी एकाच कातळावर शेजारी शेजारी उगवलेल्या असतात, आणि नवशिक्याची फसगत तिथेच होते. रंगावरून तेरडा ओळखता येत नाही, हे या लेखाचे मुख्य म्हणणे आहे. पानांची मांडणी, फुलामागची शेपटी आणि बोंडावरची लव या तीन गोष्टी क्रमाने तपासल्या, तर शास्त्रीय शिक्षण न घेतलेल्या माणसालाही खात्रीने निर्णय देता येतो. फक्त त्यासाठी वाकावे लागते, थांबावे लागते आणि फोटो काढण्याची घाई थोडी आवरावी लागते.

तेरड्याचे शास्त्रीय नाव इम्पेशन्स बाल्समिना असे असून ते कार्ल लिनीयस यांनी १७५३ मध्ये प्रसिद्ध केले. इम्पेशन्स ही बाल्समिनेसी कुळातली प्रजाती फार मोठी आहे. तिच्यात जगभरात हजाराहून अधिक जाती मोडतात, त्यांतल्या दोनशेहून अधिक भारतात आढळतात आणि त्यांची मोठी दाटी पश्चिम घाटात व पूर्व हिमालयात आहे. तेरडा मूळचा आपल्याच भूभागातला आहे. तो वर्षायू आहे, म्हणजे पहिल्या पावसाबरोबर बियांतून उगवतो, चार महिन्यांत वाढतो, फुलतो, बी टाकतो आणि थंडी सुरू होता होता वाळून जातो. त्याला कंद नसतो, खोड पुढच्या वर्षासाठी टिकून राहत नाही. ही बाब ओळखीच्या कामी येते, कारण त्याचे काही भाऊबंद कंदातून वर येणारे आहेत.

बरोबर काय न्यावे, याचे उत्तर सोपे आहे. दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग, शाळेतली पट्टी, पेन्सिल, वही आणि मोबाइल एवढे पुरेसे होते. भिंग नसल्यास मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन काढलेला फोटो मोठा करून पाहिला तरी लव आणि दात दिसतात, पण भिंगाची सर त्याला नाही.

पहिली पायरी: दिवस आणि जागा

जूनच्या शेवटी तेरड्याची रोपे उगवू लागतात. दोन गोलसर, जाडसर बीजपत्रे आणि त्यांच्या मधून वर येणारी रसरशीत, पारदर्शक वाटावी अशी दांडी, एवढेच त्या वेळी दिसते. या अवस्थेत तेरड्याची जात ठरवण्याचा प्रयत्न नवशिक्याने करू नये. जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या आरंभी फुले येऊ लागतात, गणपती-गौरीच्या सुमारास बहर जोरात असतो आणि पाऊस लांबला तर ऑक्टोबरातही फुले दिसत राहतात. ओळख पटवायला सर्वांत सोयीचा काळ म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर, कारण तेव्हा एकाच रोपावर कळी, उमललेले फूल, गळायला आलेले फूल आणि भरलेले बोंड, असे सगळे एकदम मिळते.

जागेच्या बाबतीत तेरडा फारसा चोखंदळ नाही, तरी त्याच्या काही आवडीनिवडी आहेत. दाट, अंधाऱ्या जंगलाच्या पोटात तो क्वचितच दिसतो. पानझडी जंगलातल्या उघड्या जागा, जंगलातून जाणाऱ्या पायवाटांच्या कडा, घाटरस्त्यांच्या कापलेल्या दरडी, गडांच्या ढासळलेल्या तटांतले सांदीकोपरे, शेतांचे दगडी बांध आणि सड्यांवरच्या खाचा, अशा ठिकाणी मुळांना थोडी माती, भरपूर ओल आणि वरून उजेड मिळतो, म्हणून तो तिथे रमतो. सिंहगड, राजगड, लोहगड या गडांच्या वाटा, माळशेज आणि ताम्हिणी घाट, आंबोलीचा परिसर, मुंबईतले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, या सगळ्या ठिकाणी त्या दिवसांत तो पाहायला मिळतो.

सड्यांविषयी येथे दोन शब्द अधिक सांगणे आवश्यक आहे. सडा म्हणजे उन्हाळ्यात अक्षरशः तापलेला, गवताची काडी नसलेला जांभ्याचा कातळ. आणि तोच पावसात घोटाभर पाण्याने भरतो. माती इतकी पातळ असते की झाडे मूळ धरू शकत नाहीत आणि त्यामुळेच बुटक्या वर्षायू वनस्पतींना उजेडासाठी कोणाशी झगडावे लागत नाही. मात्र जिथे मातीचा थर अगदीच विरळ असतो, तिथला गुलाबी बहर तेरड्याचा नसून त्याच्या एखाद्या बुटक्या भावाचा असण्याचा संभव जास्त असतो. म्हणून जागा पाहताना केवळ ‘सड्यावर होते’ अशी नोंद पुरेशी नाही. रोप कातळाच्या उघड्या पाठीवर होते, खाचेतल्या साचलेल्या मातीत होते की कडेच्या झुडपांच्या आधाराने वाढलेले होते, हे पाहून ठेवावे.

दुसरी पायरी: फुलाकडे न पाहता रोप पाहावे

नवशिक्याचा डोळा आधी फुलाकडे जातो आणि तिथेच अडकतो. हे टाळण्यासाठी पहिला मिनिटभर फुलाकडे पाहूच नये. रोप जमिनीतून जिथे वर येते तिथून सुरुवात करून वर वर जावे.

तेरड्याचे खोड सरळ, मांसल आणि पाण्याने भरलेले असते. बोटांनी हलकेच दाबले तर ते कडक लागत नाही आणि मोडले तर काडीसारखा कट असा कोरडा आवाज न होता रसाळ भाजी मोडावी तसे मोडते. पेरे फुगीर असतात आणि खोडावर, विशेषतः पेरांपाशी आणि बुंध्याकडे, तांबूस छटा बहुधा असते. पण पांढऱ्या फुलांच्या रोपांत ही लाली फारच कमी किंवा अजिबात नसते, त्यामुळे लाली नाही म्हणून तेरडा नाही, असा निष्कर्ष काढू नये. उंची साधारणपणे ३० ते ९० सेंटिमीटर असते. कातळावरची रोपे वीतभरही राहतात, तर ओढ्याकाठच्या गाळात वाढलेली रोपे कमरेपर्यंत येतात. उंचीवर कोणताही निर्णय बेतू नये.

आता पाने. येथेच पहिली खरी कसोटी आहे. तेरड्याची पाने खोडावर एकाआड एक लागतात. एका पेरावर एकच पान, पुढच्या पेरावर दुसऱ्या बाजूला पुढचे पान. शेंड्याकडे पेरे इतकी जवळ येतात की पानांचा झुबका झाल्यासारखा वाटतो आणि पाने समोरासमोर किंवा चक्राकार असल्याचा भास होतो. म्हणून ही तपासणी नेहमी रोपाच्या मधल्या भागात करावी. खालची पाने कधी गळून गेलेली असतात. अशा वेळी खोडावर राहिलेले व्रण मोजले तरी मांडणी कळते.

पान लांबट, भाल्याच्या पात्यासारखे, दोन्ही टोकांना निमुळते होत गेलेले, साधारण ५ ते १२ सेंटिमीटर लांब आणि १ ते २.५ सेंटिमीटर रुंद असते. कडेला करवतीसारखे बारीक, टोकदार दात असतात. भिंगातून पाहिले तर पानाच्या तळाशी, जिथे पाते देठात उतरते तिथे, दोन्ही कडांना बारीक दाण्यांसारख्या ग्रंथी दिसतात. या ग्रंथी तेरड्यापुरत्या मर्यादित नाहीत, त्याच्या इतर भाऊबंदांतही असतात. परंतु समोरचे रोप निदान याच प्रजातीतले आहे, हे त्या सांगतात. फूल नसलेल्या रोपापाशी ही खूण विशेष उपयोगी पडते, कारण ओलसर जागी पाणलवंग नावाची वनस्पती तशाच लांबट, एकाआड एक पानांची आणि तांबूस खोडाची असते. तिच्या पानांच्या कडा अखंड असतात, ग्रंथी नसतात आणि पुढे तिला चार पाकळ्यांची पिवळी फुले येतात.

तिसरी पायरी: फुलाची रचना

तेरड्याची फुले पानाच्या बेचक्यातून येतात. एका बेचक्यात एक, दोन किंवा तीन फुले असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र, बारीक, लवदार देठ असतो. शेंड्याला वेगळा तुरा किंवा लांब दांड्यावर फुलांचा घोस अशी मांडणी तेरड्यात नसते. लांबून पाहिले तर फुले खोडाला चिकटून, पानांच्या आडोशाला बसल्यासारखी दिसतात.

फुलाचा रंग रानात बहुधा गुलाबी ते जांभळट गुलाबी असतो. फिकट आणि क्वचित पांढरी फुलेही सापडतात. रंगाची ही चढउतार एकाच जातीत इतकी असते आणि निरनिराळ्या जातींमध्ये इतका सारखा गुलाबी रंग असतो, की ओळखीसाठी रंग जवळपास निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी फूल बाजूने पाहावे. समोरून काढलेला फोटो देखणा येतो, पण ओळखीसाठी बाजूचा फोटोच कामाचा असतो, कारण खरी खूण फुलाच्या मागे असते.

बाजूने पाहिल्यावर फुलाच्या खालच्या भागातून मागे निघालेली, बारीक, पोकळ, खाली वळलेली शेपटी दिसते. ही पाकळी नव्हे. फुलाच्या बाहेरच्या वेढ्यातले, ज्याला आपण निदल म्हणतो, त्यातले एक दल फुगून होडीसारखे झालेले असते आणि त्याचेच टोक लांबत जाऊन ही शेपटी बनते. तिच्या टोकात मध साठतो. लांब सोंडेची फुलपाखरे आणि मधमाश्या तो घेण्यासाठी फुलात शिरतात आणि जाता-येता परागकण वाहून नेतात. तेरड्यात ही शेपटी पातळ आणि वळलेली असते, तिची लांबी १ सेंटिमीटरच्या पुढे सहज जाते. पट्टी लावून मोजावी आणि आकडा वहीत लिहावा. ‘लांब’ आणि ‘आखूड’ हे शब्द प्रत्येकाच्या लेखी वेगळे असतात.

फूल नीट समजून घ्यायचे असेल तर ते एकदा तरी सोडवून पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी रानातले फूल तोडण्याची काहीच गरज नाही. ज्येष्ठा गौरींच्या आदल्या दिवशी महाराष्ट्रातल्या बहुतेक बाजारांत तेरड्याच्या मुळासकट उपटलेल्या रोपांच्या जुड्या विकायला येतात, कारण कोकणात आणि इतरही अनेक घरांत तेरड्याच्याच रोपांची गौर मांडण्याची रीत आहे. पूजेसाठी आणलेल्या जुडीतून गळालेली फुले आणि एखादी जास्तीची काडी बाजूला ठेवली, तरी अभ्यासाला पुरते. या रोपांत बुंध्याजवळच्या पेरांतून फुटलेली तांबूस मुळेही आयतीच पाहायला मिळतात.

फूल सोडवताना बाहेरून आत जावे. देठाजवळ दोन्ही बाजूंना दोन अगदी लहान, हिरवट निदले असतात. ती नखाने अलगद काढावी. त्यानंतर शेपटीचे होडीसारखे निदल काढावे. आता उरलेल्या पाकळ्यांपैकी वरची एक पाकळी एकटी, उभी आणि पाठीवर हिरवट कणा असलेली दिसेल. तिच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे दोन मोठे भाग असतात. हे प्रत्येकी एकेक पाकळी वाटतात, पण नीट पाहिल्यास प्रत्येक पंख दोन भागांचा, म्हणजे दोन पाकळ्या एकमेकींना जुळून झालेला असतो. अशा एकूण पाच पाकळ्या भरतात. पाच सुट्या पाकळ्या एका पातळीत पसरलेल्या दिसत असतील, तर ते फूल तेरड्याचे नाही.

पंखांच्या मधोमध, वरच्या पाकळीखाली, एक पांढरट गाठ असते. पाच पुंकेसर एकत्र जुळून मधल्या स्त्रीकेसरावर टोपी घातल्यासारखे बसलेले असतात, तीच ही गाठ. फूल उमलते तेव्हा ते नराचे काम करते: टोपीतून परागकण बाहेर पडतात आणि शेपटीकडे वाकणाऱ्या कीटकाच्या पाठीला लागतात. काही काळाने ही टोपी आख्खीच गळून पडते, आतली हिरवी, टोकदार कुक्षी उघडी होते आणि तेच फूल मादीच्या भूमिकेत येते. एकाच रोपावर टोपी असलेली आणि टोपी गळालेली अशी दोन्ही प्रकारची फुले शोधून त्यांचे जवळून फोटो घ्यावेत. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण ज्यांनी रूढ केली त्यांनी हे फूल रोजच्या रोज पाहिले असावे, यात शंका नाही. त्या मोजक्या दिवसांत फुलाची ही दोन्ही कामे उरकतात.

चौथी पायरी: बोंड

तीन खुणांपैकी सर्वांत भरवशाची खूण बोंडाची आहे, आणि दुर्दैवाने नवशिके सर्वांत कमी लक्ष तिच्याकडेच देतात. फूल गळाल्यावर त्याच देठावर मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळते, साधारण १ ते २ सेंटिमीटर लांबीचे हिरवे बोंड धरते. तेरड्याच्या बोंडावर दाट, मऊ, पांढरट लव असते. ती नुसत्या डोळ्यांनाही दिसते आणि सकाळी दव पडलेले असेल तर तिच्यावर थेंब अडकून बोंड चंदेरी दिसते. सड्यांवरच्या बहुतेक भाऊबंदांची बोंडे सहसा गुळगुळीत असतात. त्यामुळे एकाआड एक, दातेरी पाने आणि लवदार बोंड ही जोडी मिळाली की फूल कोणत्याही छटेचे असो, तेरड्याविषयी शंका ठेवण्याचे कारण उरत नाही.

पिकलेले बोंड हात लागताच फुटते, हे लहान मुलांना सांगावे लागत नाही. बोंडाची भिंत पाच कप्प्यांची असते. पिकताना तिच्यात ताण साठत जातो आणि जराशा स्पर्शाने किंवा आपोआपही ते पाच भाग क्षणार्धात आत गुंडाळले जातात, त्याबरोबर आतल्या बिया दूर उडतात. हा प्रयोग करायचा झाल्यास बोंडाभोवती मूठ सैलसर धरून दाबावे, म्हणजे बिया तळहातावर राहतात. बिया बारीक, गोलसर, काळपट तपकिरी असतात आणि भिंगातून त्यांचा पृष्ठभाग खडबडीत दिसतो. पाहून झाल्यावर त्या त्याच जागी टाकाव्यात, घरी नेऊ नयेत. रोप वर्षायू असल्यामुळे पुढच्या वर्षीचा तेरडा पूर्णपणे यंदाच्या बियांवर अवलंबून असतो.

मात्र बोंड फुटणे ही तेरड्याची स्वतंत्र खूण नाही, कारण इम्पेशन्स प्रजातीतल्या सर्वच जातींची बोंडे अशी फुटतात. खूण लव आहे, फुटणे नव्हे.

पाचवी पायरी: भाऊबंद वेगळे करणे

या भागावर जरा अधिक वेळ द्यावा लागतो. साताऱ्याजवळचे कास पठार पाहून आलेले लोक ‘तेरड्याचा गालिचा’ पाहिल्याचे सांगतात. तो गालिचा बहुतांशी इम्पेशन्स लॉआय या जातीचा असतो. ही जात सह्याद्रीच्या उत्तर भागातल्या उंच पठारांपुरती मर्यादित आहे, जगात अन्यत्र कोठेही नैसर्गिकरीत्या वाढत नाही. रोप बुटके असते, उघड्या पठारावर दाटीने वाढते आणि तिच्या फुलामागची शेपटी तेरड्यासारखी लांब व बारीक नसते. स्थानिक लोक तिलाही तेरडाच म्हणतात आणि बोलीभाषेत ते योग्यही आहे. पण नोंद करताना दोहोंना एकच नाव दिले, तर जगात फक्त येथेच उगवणारी एक वनस्पती कागदावरून नाहीशी होते. कास पठाराचा समावेश २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. तिथे ठरवून दिलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नये. भिंगाऐवजी वाटेवरून कॅमेऱ्याच्या लांब लेन्सने काम भागवावे.

सड्यांवर आणि पठारांवर मुबलक दिसणारी दुसरी जात इम्पेशन्स ऑपोझिटिफोलिया. तिची पाने अरुंद, रेषेसारखी आणि समोरासमोर असतात, फुले लहान गुलाबी आणि शेपटी आखूड असते. पानांची मांडणी पाहिली की तिचा आणि तेरड्याचा घोळ एका क्षणात मिटतो. इम्पेशन्स मायनर ही तिसरी नाजूक जात. तिची शेपटी लांब आणि बारीक असल्यामुळे फुलावरून ती छोटासा तेरडाच वाटते, पण पाने समोरासमोर असतात. केवळ फुलांचे फोटो काढणाऱ्यांना हीच जात सर्वाधिक चकवते.

इम्पेशन्स पुल्केरिमा ही कोकण, गोवा आणि दक्षिण सह्याद्रीकडे, उदाहरणार्थ आंबोलीच्या बाजूस दिसणारी देखणी जात आहे. फूल मोठे, पसरट आणि गुलाबी असते, शेपटी तेरड्यापेक्षाही लांब असते आणि पान रुंद असून त्याला स्पष्ट, लांब देठ असतो. तेरड्याचे पान अरुंद असून देठाकडे निमुळते होत जाते, हा फरक लक्षात ठेवावा.

ओल्या, पाणी ठिबकणाऱ्या कातळांवर, धबधब्यांच्या आसपास, खोडच नसलेले एक फूल दिसते. पाने जमिनीलगत आणि मधून वर आलेल्या दांड्यावर गुलाबी फुले, असे त्याचे रूप असते. तो इम्पेशन्स अकॉलिस. कंदातून वर येतो, वर्षायू नाही. पिवळ्या फुलांचा तेरडा दिसला तर तो इम्पेशन्स डॅल्झेली असण्याचा संभव मोठा आहे. तोही सह्याद्रीतच सापडणारा आहे आणि रानातला तेरडा पिवळा नसतो, त्यामुळे तेथे गोंधळाला जागा नाही.

कुळाबाहेरचा एक तोतया म्हणजे रानतीळ. जांभळट गुलाबी, खाली झुकलेली, नळीसारखी फुले आणि त्याच काळातला बहर यांमुळे चालत्या गाडीतून तो तेरडा वाटतो. जवळ गेल्यावर फुलाला शेपटी नाही, खोड रसाळ नसून राठ, केसाळ आहे आणि बोंड उभे, खोबणी असलेले आहे, हे लगेच कळते.

बागेतून रानात आलेला तेरडा

अंगणात गुलमेंदी या नावाने लावला जाणारा तेरडा याच जातीचा आहे. शेकडो वर्षांच्या लागवडीत त्याची लाल, किरमिजी, पांढरी, ठिपक्यांची आणि गुलाबासारखी दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची फुले निघाली. मेंदीत जे रंगद्रव्य असते तेच, लॉसोन, तेरड्यातही असते. गुलमेंदी हे नाव पडले त्यामागे हेच असावे. गावालगतच्या ओढ्याकाठी, कचऱ्याच्या ढिगाजवळ किंवा जुन्या वाड्याच्या पडक्या अंगणात दुहेरी पाकळ्यांचे अथवा भडक लाल फूल आढळले, तर ते बागेतून निसटलेले रोप समजावे. नोंद करताना ‘बागेतून पसरलेले’ असे स्पष्ट लिहावे, कारण रानातला मूळ तेरडा कुठवर पसरला आहे हे ठरवताना अशा नोंदी फसव्या ठरतात. वस्तीपासून दूर, जंगलात, साध्या पाच पाकळ्यांचे फूल असेल तरच ते रानचे मानावे.

ब्रिटनमध्ये किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकांना नदीकाठी, जुलैपासून पुढे, पुरुषभर उंचीचा गुलाबी ‘तेरडा’ दिसतो. तो तेरडा नाही, इम्पेशन्स ग्लँड्युलिफेरा आहे. मूळचा हिमालयातला; १८३९ मध्ये बागेसाठी ब्रिटनमध्ये नेला आणि तिथून तो नद्यांच्या काठाने इतका पसरला की आज तिथे उपद्रवी वनस्पती म्हणून उपटून टाकला जातो. त्याची पाने समोरासमोर किंवा तीन-तीनच्या चक्रात असतात, फुलांचे दांडे लांब असतात आणि बोंड गुळगुळीत असते. इथल्या तेरड्याची आठवण म्हणून त्याचे बी खिशात घालून दुसरीकडे नेणे मात्र तिथे महागात पडेल.

सहावी पायरी: नोंद आणि फोटो

एका रोपाचे निदान पाच फोटो घ्यावेत: जागेसकट संपूर्ण रोप, खोडाच्या मधल्या भागातली पानांची मांडणी, पानाचा तळ व कड, फूल बाजूने, आणि बोंड. समोरून घेतलेला फुलाचा फोटो सहावा. हे सगळे आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल यांवर टाकता येतात आणि जाणकार त्यावर आपले मत देतात. यंत्राने सुचवलेले नाव मात्र जसेच्या तसे स्वीकारू नये. फुलाचा एकच फोटो दिला तर यंत्रही माणसासारखेच रंगाला भुलते, आणि आपल्या सड्यांवरच्या दुर्मिळ जातींपेक्षा सर्वत्र आढळणारा तेरडा सुचवणे त्याला सोपे जाते.

वहीत तारीख, ठिकाण, उंची, जमिनीचा प्रकार, शेपटीची मोजलेली लांबी, पानांची मांडणी आणि बोंडावर लव होती की नव्हती, एवढे लिहावे. पानांवर शेपटीकडे शिंगासारखा काटा असलेली जाड अळी दिसली, तर तिचीही नोंद आणि फोटो घ्यावा. हॉक मॉथ गटातल्या काही पतंगांच्या अळ्या तेरड्यावर वाढतात. रानभाजी समजून तेरडा खुडू नये, या प्रजातीच्या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात.

बोंड मिळालेच नाही आणि फक्त फुले दिसली, असे हंगामाच्या आरंभी नेहमी घडते. अशा वेळी पाने एकाआड एक, दातेरी आणि निमुळती असतील व शेपटी बारीक, वळलेली असेल तर ‘बहुधा तेरडा’ असे लिहून ठेवावे आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा जावे. पाने समोरासमोर असतील तर ते तेरड्याचे रोप नाही, हे मात्र बोंडाविनाही ठामपणे लिहिता येते. जात उमगली नाही, तर ‘इम्पेशन्स, जात अनिश्चित’ अशी नोंद करून फोटो जपून ठेवावेत. घाईने दिलेल्या चुकीच्या नावापेक्षा अशी अर्धवट नोंद अभ्यासकांना केव्हाही अधिक उपयोगी पडते, कारण ती नंतर पूर्ण करता येते.